उपासाने सैल केलेला मास्क

ज्यांना घशाचे शेक घ्यायचे आहेत, किंवा ज्यांच्या घरातलं कुणी ते घेत आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. शेक म्हणजे रेडिएशन. बडोद्यात सगळे शेकच म्हणतात. माझे शेक संपून वर्ष उलटलं. डॉक्टर तपासणीला घशात नळी घालून बघतात आणि साफ आहे म्हणतात. आवाज मात्र पूर्वीचा परत आला नाही. आता जो आहे तो तेल न घातलेल्या गिअरसारखा. फोनवर अनोळखी माणूस मला "बाई" म्हणत नाही एवढंच समाधान.

माझा धंदा जुन्या मशिनरीचा. मकरपुऱ्यात एखादा कारखाना बंद पडला की लेथ, ड्रिल, शेपर उचलायला मी पोचतो, दुरुस्त करतो आणि विकतो. हेल्पर म्हणून लागलो होतो. कुणी हात धरून वर आणलं नाही. या धंद्यात आवाज हेच भांडवल. समोरच्यानं भाव सांगितला की मी आधी हसायचो, मग ओरडायचो, मग उठून चालू लागायचो, आणि गेटपाशी तो हाक मारायचा. म्हणून आवाज बसला तेव्हा वाटलं, फार ओरडलो असेन. हळद-दूध घेतलं, ज्येष्ठमध चघळलं. आवाज बसलेलाच राहिला.

चुकीचा माणूस

निदान सांगणाऱ्या डॉक्टर वयानं माझ्या मुलीएवढ्या होत्या. स्वरयंत्रावर गाठ आहे, कॅन्सरची आहे, लवकर सापडली आहे, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या दोन गोष्टी मी ऐकल्या, तिसरी माझी बायको सुनंदा हिनं ऐकली.

मी फाईल मागितली. नाव माझंच होतं. मग मी त्यांना माझा माल दाखवायला सुरुवात केली. पान नाही, तंबाखू नाही, दारू नाही. चातुर्मासात कांदा-लसूण नाही. सकाळची पूजा सोवळ्यात, तासभर. उपास सोमवार, मंगळवार, चतुर्थीचे. पोचलेल्या माणसासारखा मी बोलत होतो, आणि बोलताना घसा खरवडत होता.

"काका, कारण दर वेळी सापडतंच असं नाही," त्या म्हणाल्या.

"मग हे चुकीच्या माणसाला दिलं गेलंय."

"असेलही. उपचार आपण बरोबर माणसाला देऊ."

मला त्यांचा राग आला. तो राग बरा होता, कारण त्याच्याखाली जे होतं ते फार वाईट होतं. बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. मग सुनंदा पाणी आणायला म्हणून गेली आणि तिथून तिनं दादाला फोन केला. मी तसं करू नको म्हणून बजावलं होतं.

दादा आणि टाक

दादा माझा थोरला भाऊ. रिफायनरीतून निवृत्त झालाय, हरणीला राहतो. त्याच्याशी माझं का बिनसलं ते सांगतो. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या घरात कुलदेवतांचे टाक आहेत, खंडोबा आणि भवानी, चांदीच्या पत्र्यावर ठसवलेले. वडील शेवटच्या वर्षांत माझ्याकडे राहायचे आणि टाकांची पूजा मी करायचो. वडील गेल्यावर दादानं टाक नेले. थोरल्याकडे जायची रीत आहे, खरं आहे. पण त्यानं ते ठेवले कुठे, तर टीव्हीच्या शेजारच्या काचेच्या कपाटात. फूल वाहतो ते लेंगा-बनियनवर, कधी आंघोळीआधी. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच्या घरची पायरी चढणं सोडलं. टाक माझ्याकडे असायला हवे होते असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे. या आजारानं ते बदललं असं कुणी समजू नये.

त्याच वर्षी मी नवे टाक करून घेतले. सोनारापाशी बसून, घासाघीस करून, वजनाला दादाच्या टाकांपेक्षा भारी. नवरात्रात घट बसवू लागलो, अखंड दिवा, नऊ दिवसांचा उपास. आमच्या भागातली मराठी मंडळी संध्याकाळी आरतीला येऊ लागली. दादाला बोलावणं नव्हतं. लोक म्हणायचे, बाळासाहेब, निष्ठा असावी तर अशी. मी म्हणायचो, आमच्या घराण्याचा कुळाचार आहे, आपण काय, निमित्तमात्र.

कॅन्सर कळल्यावर मी हिशेब मांडला तो असा: दादानं देवांची हेळसांड केली, देव कोपले, आणि पत्ता चुकून कोप माझ्याकडे आला. मग मी सौदा मांडला. बरा झालो तर देवीला चांदीचं छत्र. विसार म्हणून आहेत त्या उपासांत गुरुवार आणि शनिवार वाढवले. आयुष्यभर ज्या पद्धतीनं माल उचलला, त्याच पद्धतीनं.

बाक

शेक घेताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याचा आणि मानेचा मास्क बनवतात. गरम पाण्यातून काढलेली प्लास्टिकची जाळी तोंडावर दाबतात, ती तुमच्या नाकाडोळ्यांवर घट्ट बसते आणि तशीच कडक होते. मग रोज तीच जाळी टेबलाला खिळवून तुम्हाला आत अडकवतात. पहिल्या दिवशी मला वाटलं की मी मेलो. दुसऱ्या दिवशीही वाटलं. नंतर सवय होते. डोळे मिटून मशीनचा आवाज ऐकायचा. बेअरिंग चांगली आहेत की नाही हे मला आवाजावरून कळायचं. चांगली होती.

मशीनला पाच मिनिटं लागतात, वाट बघायला दोन तास. त्या बाकावर माझ्या शेजारी रोज भिखाभाई यायचा. पादरा गावचा भाजीचा व्यापारी, परवर आणि टिंडोळ्यांचा, म्हणजे तोंडल्यांचा. तोंडाचा कॅन्सर. लहानपणापासून तंबाखू, आणि त्याची त्याला काही लाज नव्हती. दात लाल, गाल सुजलेला, तरी सगळ्यांशी थट्टा. मी त्याच्यापासून एक जागा सोडून बसायचो. मनात म्हणायचो, याचा आजार यानं कमावलाय, माझा माझ्यावर लादलाय. देवाला आमच्यातला फरक दिसत असेलच.

एक दिवस त्यानं विचारलं, शेठ, ओठ हलवत काय मोजता? मी जप सांगितला, उपास सांगितले, छत्राचंही सांगितलं. घसा दुखत असूनही सांगितलं. तो भुवया उंचावून ऐकत राहिला.

"एटले शेठ, भगवानने क्वोटेशन आप्युं छे?"

देवाला कोटेशन दिलंय का, म्हणे. बाकावरचे सगळे हसले, सुनंदासुद्धा. मी तोंड फिरवलं. त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उठला, टोपी काढून सोबत आलेल्या त्याच्या मुलीच्या हातात दिली आणि दाराकडे जाता जाता पुटपुटला, "मा, जेवो छुं एवो आव्यो छुं." जसा आहे तसा आलोय. बस, एवढंच. मला वाटलं, याच्याकडे दाखवायला काही नाही, म्हणून इतकं थोडक्यात.

बेसिन

मला रोज आणायचा-न्यायचा तो दादा. कुणी सांगितलं नव्हतं. मुलगी लग्न होऊन लांब, सुनंदाला गाडी येत नाही, आणि दादा पहिल्याच दिवशी खाली गाडी लावून उभा राहिला. मी मागच्या सीटवर बसायचो, रिक्षात बसावं तसा. तो आरशातून बघायचा. मी खिडकीतून बघायचो. एकदा तो म्हणाला, मीटर टाकू का?

शेकांच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घसा आतून सोलला जातो. थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी येतं. वजन उतरू देऊ नका, हे एकच वाक्य डॉक्टर, नर्स, आहाराच्या बाई सगळ्या सांगत होत्या. सुनंदा मुगाचं पाणी गाळून द्यायची, पातळ खिचडी मिक्सरमधून दोनदा काढायची, दुधात केळं कुस्करून गाळायची. वाटी ठेवून ती स्वयंपाकघरात जायची, कारण गिळताना माझं तोंड तिला बघवत नसे.

उपासाच्या दिवशी मी ती वाटी बेसिनमध्ये ओतायचो आणि वर नळ सोडायचो.

चहा-पाण्यावर दिवस काढायचो. आठवड्यातले चार दिवस असे, चतुर्थी आली की पाचवा. माझी समजूत अशी की मी सोसतोय आणि वर कुठेतरी ते जमा होतंय. घसा दुखतो म्हणून वाटी टाळायची सोयही त्यातच होती, हे मला तेव्हा दिसत नव्हतं. दुखण्याची भीती आणि देवाची भक्ती एकाच बेसिनमध्ये जात होती.

पितृपक्षात एके सकाळी टेबलावर मास्क लावला आणि तंत्रज्ञ थांबला. त्यानं जाळीत बोट घातलं. बोट सहज आत गेलं. त्यानं दुसऱ्याला बोलावलं, त्यानंही घातलं. मग मला उठवून बसवलं आणि म्हणाले, आज होणार नाही.

डॉक्टर आल्या. मास्क सैल म्हणजे नेम चुकणार. पुन्हा नवा मास्क, पुन्हा स्कॅन, पुन्हा सगळी आखणी. तोवर शेक बंद. मधे पडलेला खंड गाठीला आवडतो, असं त्या म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"काका, आता एकदा चालेल. पुन्हा असं झालं तर मी काही वचन देऊ शकत नाही. तुम्ही खाताय ना?"

मी हो म्हणून मान हलवली. सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. तिला बेसिनच्या जाळीत अडकलेली खिचडीतली मुगाची साल आठवली असणार. नंतर तिनं तसं सांगितलं.

बाहेर भिखाभाई बसला होता. सगळं त्याच्या कानावर आलंच होतं. तो पहिल्यांदाच थट्टा न करता बोलला.

"माताजी भूख्यां नथी, शेठ. भूख्या तो तमे छो."

देवी भुकेली नाही, भुकेले तर तुम्ही आहात. मला त्याला कानाखाली द्यावीशी वाटली. हे मी सभ्यपणानं लिहीत नाहीये, खरंच हात उचलला होता. पण उभा राहिलो तर भिंत धरावी लागली.

गाडीत

गाडीत बसताच सुनंदानं सरळ विचारलं, ओतत होता ना? मी हो म्हटलं. कशासाठी म्हणाली, तर उपास सांगितले. मग ती दादाला म्हणाली, भावजी, आणि आता आठ दिवसांत घट बसतील. नऊ दिवस हे काही खाणार नाहीत. तुमच्या घराण्याचा कुळाचार मोडा म्हणायची माझी छाती नाही. देवीचं काही कमी-जास्त झालं तर? तुम्ही थोरले, तुम्हीच सांगा काय ते.

दादानं गाडी कडेला घेतली. मला वाटलं, मागून कुणी हॉर्न देतंय म्हणून.

"कुठला नऊ दिवसांचा?" तो म्हणाला. "आपल्याकडे उठता-बसता. घट बसतात त्या दिवशी एक आणि अष्टमीला एक. बाबा नवरात्रात सेकंड शिफ्टला वर्कशॉपात डबा घेऊन जायचे. बाळू, तुझ्याच हातात असायचा तो डबा गेटपर्यंत."

मी कुजबुजत त्याला शिव्या दिल्या. आवाज नसलेल्या माणसाचा राग फार हास्यास्पद असतो. तू देवांना टीव्हीजवळ बसवतोस, तू मला कुळाचार शिकवणार? तो म्हणाला, टीव्हीजवळ बसवतो, खरंय. पण त्यांच्या नावावर खोटं नाही सांगत.

डबा मला आठवत होता. नेहमीच आठवत होता. नऊ दिवसांचा उपास मी दादानं टाक नेले त्या वर्षी सुरू केला. कुणीतरी विचारलं, पूर्वापार आहे का, आणि मी हो म्हटलं. पुढच्या वर्षी पुन्हा म्हटलं. नंतर मलाही ते पूर्वापार वाटू लागलं.

सुनंदा हे ऐकत होती. लग्न होऊन ती आली तेव्हा सासूबाई नव्हत्या; आमच्या घरची रीत ती माझ्याकडूनच शिकलेली. नवे टाक आले तेव्हा मी तिला सांगितलं की घराण्यातला जुना, मधे मोडलेला कुळाचार परत धरायचा, आणि तेव्हापासून माझ्याबरोबर तिनंही नऊ दिवस धरले होते. पित्तानं उलट्या व्हायच्या, तरी संध्याकाळी आलेल्यांना प्रसाद द्यायची.

"देवीसाठी केलं असतं तर काही वाटलं नसतं," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं भावजींविरुद्ध उपाशी राहिले, होय?"

मी सगळी पूजा मनात उलटी-सुलटी करून बघितली. त्यातला कुठला भाग दादाला दाखवण्यासाठी नव्हता, शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी नव्हता, आणि आता दुखणं टाळण्यासाठी नव्हता? एखादा मशीन विकणारा असा माल दाखवता तर मी हात न लावता परत आलो असतो. वरून रंग, आत गिअरच नाही.

आरती

हे कळलं म्हणून मी लगेच सुधारलो, असं नाही. पुढचे आठ दिवस मी खाल्लं, पण चिडून खाल्लं. वाटी संपली की ती पालथी करून सुनंदाला दाखवायचो. नवा मास्क झाला. घट बसले त्या दिवशी डॉक्टरांना विचारून उपासाचं पातळ, भगरीची पेज आणि दूध घेतलं. तेवढा एक उपास खरा होता. दुसऱ्या दिवसापासून शेक सुरू झाले.

प्रश्न होता संध्याकाळचा. नेहमीची मंडळी येणार, मी नेहमीसारखा घटासमोर बसणार, आणि ती म्हणणार, एवढ्या आजारातही नऊ दिवस! सुनंदानं विचारलं, काय सांगायचं त्यांना? मी म्हटलं, काही सांगायचं कशाला. मी आत जाऊन खाईन. ती म्हणाली, म्हणजे पुन्हा तेच, फक्त बेसिनऐवजी स्वयंपाकघर. आणि ती मला विनवत नव्हती. तिनं एवढंच सांगितलं की वाटी ती बाहेरच्या खोलीत आणणार, पुढचं मी बघावं.

मला माहीत होतं की आत जाऊन खाल्लं तर मी फार दिवस खाणार नाही. लोकांची वाहवा कानावर पडली की ती वाटी पुन्हा ओतली जाईल. मी स्वतःला ओळखतो. माझ्याशी सौदा करणाऱ्यांपेक्षा जास्त ओळखतो. जगायचं असेल तर ही वाहवाच बंद पाडायला हवी होती.

तिसऱ्या माळेला खोली भरली. दादाही होता, या वेळी सुनंदानं त्याला बोलावलं होतं आणि तो दाराजवळ चपलांपाशी बसला होता. आरतीआधी समोरच्या इमारतीतल्या काकू म्हणाल्या, बाळासाहेब, धन्य आहात, अशा दुखण्यातही नवरात्र मोडलं नाहीत. तेवढ्यात सुनंदा खिचडीची वाटी घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवली. सगळ्यांनी वाटीकडे पाहिलं.

मी बोललो. कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा बोललो. कुणीतरी म्हणालं, काय म्हणतायत? दादा उठला. मी त्याला हातानं खूण केली, तूच सांग. तो म्हणाला, छे, तुझं तू. त्यानं भिंतीपाशी जाऊन पंखा बंद केला. मग खिडकी लावली. बाहेर मैदानातल्या गरब्याचा आवाज येत होता, तो मंदावला.

आता दिव्याची वात तडतडलेली ऐकू येत होती.

"आमच्याकडे नऊ दिवसांचा उपास नाही," मी म्हटलं. "उठता-बसता असतो. नऊ दिवसांचा मी घुसडला. दादावर वरचढ व्हायला."

आयुष्यात इतक्या हळू आवाजात मी कधी काही विकलं नव्हतं, आणि हे तर विकायचंही नव्हतं. मी लोकांच्या तोंडाकडे बघत होतो. वाटलं, आता कुणी उठून जाईल, कुणी कुजबुजेल. काकूंनी डोळे बारीक केले, मान हलवली आणि म्हणाल्या, "बरं. मग आधी खाऊन घ्या, आम्ही आरती म्हणतो. थंड झाली की घशाला आणखी टोचेल."

एवढंच. इतकी वर्षं मी जे उचलून धरलं होतं, ते त्यांनी पदराला पुसलेल्या हातासारखं बाजूला केलं. त्यांना माझ्या निष्ठेची मोजदाद नव्हती. घटातल्या देवीलाही ती होती असं आता वाटत नाही. मोजणारा मी एकटाच होतो.

आरती सुरू झाली. मी त्यात नव्हतो. दरवर्षी सगळ्यांच्या वर चढणारा आवाज त्या दिवशी नव्हता, आणि आरतीचं काही अडलं नाही. मी पहिला चमचा घेतला. घशात निखारा उतरावा तसा तो उतरला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि समोरच्या एकदोघांना वाटलं असेल, भक्तीनं भरून आलंय. त्यांचा गैरसमज मी चमच्यानं दूर केला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. देवीला काही मागितलं नाही. मागायला तोंड मोकळं नव्हतं.

आरती संपेपर्यंत वाटी रिकामी झाली होती. सुनंदा प्रसाद वाटत माझ्यापर्यंत आली, वाटीत डोकावली आणि विचारलं, आणखी आणू?

मी वाटी पुढे केली.